ठकीचा दूधभात

मांजराचं वजन कसं करतात, हा प्रश्न मला आजवर जितक्या लोकांनी विचारला तितका दुसरा कुठलाच नाही. उत्तर सोपं आहे. उशीचा जुना अभ्रा घ्यायचा, मांजराला मागच्या पायांकडून आत सरकवायचं, तोंडाशी सैल गाठ मारायची आणि अभ्रा ताणकाट्याच्या आकड्याला अडकवायचा. अंधार झाला की मांजर गप्प बसतं. निदान काटा स्थिर होईपर्यंत तरी. अभ्रा उघडताना आपला हात कुठे ठेवायचा नाही, हे मात्र ज्याचं त्याने शिकायचं. माझ्या डाव्या मनगटावर ते शिक्षण अजून दिसतं.

मी जनावरांचा डॉक्टर. शिकलो मुंबईला, पण पोटापाण्याला लागलो तो कलकत्त्यात. फाळणीच्या दंग्यांनंतर शहर जरा श्वास घेऊ लागलं होतं, तेव्हा भवानीपूरला डॉक्टर सान्यालांच्या दवाखान्यात मी मदतनीस म्हणून आलो आणि इथलाच झालो. त्या काळी आम्हांला लोक 'घोड्याचा डॉक्टर' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. भाड्याच्या गाड्यांचे घोडे, खटालातल्या म्हशी (गोठ्यांना इथे खटाल म्हणतात), सावकारांचे मोठाले कुत्रे, अशी आमची मुख्य गिऱ्हाइकं. मांजर घेऊन येणारा माणूस पायरी चढण्याआधी रस्त्याकडे एकदा पाहून घ्यायचा, ओळखीचं कुणी बघत नाही ना म्हणून.

तरी येत लोक. एक मिठाईवाले आपला बोका घेऊन आले. तक्रार अशी, की तो उंदीर धरत नाही. बोका इतका गुबगुबीत, की टेबलावर ठेवला तेव्हा सगळीकडून सारखाच दिसत होता. छेन्याच्या कढईशेजारी झोपणाऱ्याचं उंदरांशी भांडण तरी काय उरणार! मी तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "मग औषध नाही म्हणता?" मी म्हटलं, "औषध आहे. दुकान बदला." रिपन स्ट्रीटकडच्या एक अँग्लो-इंडियन बाई आपल्या मांजराला झालरीचा झगा घालून आणायच्या आणि मला बजावायच्या, "त्याच्याशी इंग्रजीतच बोला, त्याला दुसरं कळत नाही." मी बोलायचो. इंग्रजीतही ते तितकंच बोचकारायचं. एका चिनी चांभाराचं मांजर पाणीसुद्धा गिळेना. सान्यालांनी घशाचा रोग ठरवला होता. मी तोंड उघडून वास घेतला तर कमावलेल्या कातड्याचा वास. चिमट्याने ओढून वीतभर पट्टी काढली. त्या दिवशी सान्याल म्हणाले, "दामोदरबाबू, तुमचं नाक माझ्या पदवीपेक्षा मोठं आहे."

दिवाळी अंकासाठी अशाच गमती लिहून पाठवा, असं मला सांगण्यात आलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की हात थांबतो, कारण या सगळ्या गमतींच्या मागे एक हडकुळी मांजरी बसलेली असते. तिच्याबद्दल मी पुढे कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. मूळचाच मी कमी बोलणारा. आता पन्नाशी ओलांडली. या वयात गप्प राहण्यात शहाणपणापेक्षा भित्रेपणाच जास्त आहे असं वाटू लागलंय.

*

एके दिवशी संध्याकाळी दवाखान्यात एक गृहस्थ आले. अंगात कोट, हातात छत्री, थेट फोर्ट विल्यममधल्या लष्करी हिशेबाच्या कचेरीतून आलेले. कंपाउंडर हारानने माझ्या नावाने हाक मारली तशी त्यांनी चमकून पाहिलं.

"आपण मराठी का हो?"

"होय."

"देवच पावला! चला मग, आत्ताच चला. आमच्या आईनं एक मांजर पाळलंय. ते वाळत चाललंय, आणि त्याच्यामागून आई वाळत चाललीय."

हे भास्करराव. बदली होऊन नागपूरहून आलेले. बायको पहिलटकरीण म्हणून माहेरी गेलेली, म्हणून घर सांभाळायला आईला इकडे आणलेलं. कालीघाटच्या ट्रामरस्त्याजवळ तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड होतं. जिना चढता चढता मला हिंगाच्या फोडणीचा वास आला आणि मी कठड्याला धरून उभाच राहिलो. भास्कररावांना वाटलं, मला दम लागला.

तेव्हा मी भवानीपूरच्या एका मेसमध्ये राहत होतो. सगळे बंगाली, माणसं मोठी प्रेमळ. पण मराठी बोलायला तिथे भिंतसुद्धा नव्हती. दाढी करताना मी आरशातल्या माणसाशी दोन वाक्यं बोलून घ्यायचो, जिभेला गंज चढू नये म्हणून.

माई दारातच उभ्या होत्या. लाल आलवण नव्हतं, पण साधं पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आडनाव काय रे तुझं?" सांगितलं. "गाव?" रत्नागिरीकडचं सांगितलं. "मुंज झालीय ना?" झालीय म्हटलं. "मग हातपाय धू आणि आत ये. मांजर नंतर बघ. आधी गरम भात घे, आत्ताच उतरवलाय."

मी पेशंट बघायच्या आधी जेवलो, असं आयुष्यात त्या एकाच घरी घडलं. पाटावर बसलो. मुदीवर वरण, वर तूप, लिंबाची फोड. माई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "अजून घे रे. परमुलखात कोण वाढतंय तुला?" मी मान खाली घालून जेवत राहिलो, कारण मान वर केली असती तर डोळे दिसले असते.

मग ठकीला पाहिलं. पांढरी, एका कानावर काळा ठिपका. पिल्लू असताना जिन्यात सापडलेली. माई तिला दाराबाहेर जाऊ देत नसत. खाली ट्राम, वर कावळे, गच्चीत दांडगे बोके. व्हरांड्याला जाळी मारून घेतली होती. त्या तीन खोल्यांत ठकी आणि माई. भास्करराव दिवसभर कचेरीत. माईंना बंगाली येत नव्हतं आणि हिंदीही बाजारापुरतंच. त्यामुळे दिवसभर जे काही बोलायचं ते त्या ठकीशी बोलत. "ठके, पाणी आलं बघ नळाला." "ठके, आज एकादशी, मला नाही, तुला भात." असं काहीबाही.

हडकुळं मांजर पुढ्यात आलं की आम्ही काय करतो ते सांगतो. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवायचं. मणके जपमाळेसारखे लागले तर प्रकरण जुनं आहे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती सावकाश परतली तर अंगात पाणी कमी. हिरड्या पाहायच्या, तोंडाचा वास घ्यायचा, पोटातून दोन्ही मूत्रपिंडं बोटांनी चाचपायची. रक्ततपासणी, क्ष-किरण हे माणसांनाच मिळायची मारामार, मांजराला कोण देतं? आमचं सगळं निदान दहा बोटांत आणि एका प्रश्नात. प्रश्न असा: काय खातं?

"दूधभात," माई म्हणाल्या. "सकाळी दूधभात, दुपारी तूप-मेतकूट-भात, संध्याकाळी पुन्हा दूधभात. चांगली साय घालते. पण अलीकडे तिला पचत नाही. पोट बिघडतं."

तिथे मला कळलं. निदान कळायला हवं होतं तितकं कळलं. आमच्याकडे गावी घरोघर मांजरं दूधभातावर वाढतात असं आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यांच्या वाट्याचे उंदीर, पाली, चिमण्या कुणी मोजत नाही. मांजर घरात दूधभात खातं ते यजमानाचं मन राखायला. पोट भरायला ते अंगणात जातं. ठकीला अंगणच नव्हतं. तिला मांस हवं होतं, नाहीतर मासळी. आणि कलकत्त्यात राहून मांजर मासळीवाचून मरायला टेकावं म्हणजे गंगेकाठी तहानेनं मरण्यासारखं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "अशक्तपणा आहे. इंजेक्शनं देऊ. मी येत जाईन."

*

त्या गप्प बसण्याचं कारण सांगण्यासाठी मेसमध्ये परत जावं लागेल. आलो तेव्हा मी डाळभात, भाजी आणि लोणच्यावर राहत होतो. बंगाल्यांत ब्राह्मणही मासे खातात. मासे खात नाही ती विधवा. मेसचा ठाकूर, म्हणजे स्वयंपाकी, वाढताना सगळ्यांदेखत ओरडायचा, "डाक्तारबाबू तो बिधवार खाबार खाच्छेन!" म्हणजे डॉक्टर विधवेचं जेवण जेवताहेत. हशा पिकायचा. काही महिने मी तो हशा सोसला. मग एकदा तापातून उठलो होतो, ठाकुराने माशाची पातळ आमटी पुढे केली आणि मी ती प्यालो. पुढे आमटीतला तुकडाही खाल्ला. त्यानंतर मी पोटभर जेवू लागलो, आणि घरच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

आता हा मेसमध्ये मासे खाणारा मुलगा माईंच्या पाटावर बसला होता. 'मांजराला मासे घाला' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, 'तुला रे काय ठाऊक मासे?' आणि पाट उचलला जाणार. असं मी धरून चाललो. मला ते घर हवं होतं. हिंगाचा वास हवा होता, 'अजून घे रे' हवं होतं. ठकी बरी झाली तर येण्याचं निमित्त संपेल, हा विचारही मनात येऊन गेला होता. लिहायला लाज वाटते, पण आला होता.

मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. यकृताच्या अर्काची इंजेक्शनं, जीवनसत्त्वाचे थेंब. ठकी अभ्र्यात बसे, काटा जिथल्या तिथे. माई काट्याकडे पाहायच्या नाहीत, माझ्या तोंडाकडे पाहायच्या.

"कमी नाही ना झालं?"

"नाही, माई."

"मग चाललंय ते बरंच आहे. तू पाटावर बस."

अशाच एका दिवशी निघताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बोऊदी भेटल्या. बोऊदी म्हणजे वहिनी. सारी चाळ त्यांना तेच म्हणे. हसऱ्या, तोंडाळ बाई. माई मला पोचवायला दारापर्यंत आलेल्या, ठकी त्यांच्या खांद्यावर. बोऊदींनी तिच्याकडे पाहून गालावर हात ठेवला आणि मला बंगालीत म्हणाल्या, "काय हो डाक्तारबाबू, माशिमांनी (म्हणजे मावशींनी) मांजरीलाही विधवा करून ठेवलंय का?" आणि मग, हसू आवरून, "माझ्या घरी रोज माशांचं उरलंसुरलं टाकून द्यावं लागतं. माशिमांना विचारा ना, चालेल का. मी उंबऱ्याबाहेर बशी ठेवून जाईन, आत पाऊलसुद्धा टाकणार नाही."

माई आम्हां दोघांच्या तोंडांकडे पाहत होत्या. "काय म्हणते रे ती?"

मी म्हटलं, "मांजर गोड आहे म्हणतात."

आणि बोऊदींना बंगालीत सांगितलं, "नाही चालणार. फार सोवळ्याच्या आहेत."

माईंना मी एक शब्द विचारला नव्हता. बोऊदी "आहा रे" म्हणून हळहळत खाली गेल्या. माई खूश होऊन ठकीला म्हणाल्या, "ऐकलंस? गोड आहेस म्हणे!"

*

पण मी अगदीच दगड नव्हतो. त्या जिन्यातल्या भेटीनंतरच्या खेपेपासून मी मेसमधून उकडलेल्या माशाचा तुकडा केळीच्या पानात बांधून बॅगेत नेऊ लागलो. माई चहा टाकायला आत गेल्या की मी ठकीला "उजेडात बघतो" म्हणून व्हरांड्यात नेई आणि पान उघडी. तिने पहिल्यांदा ते कसं खाल्लं, ते मी विसरू शकत नाही. डोळे मिटून, घशातून गुरगुरत, मान वाकडी करून. माझ्या हातालाही एक दात लागला. मग मी स्पिरिटने हात पुसायचो, जमीन पुसायचो, पान बॅगेत. सगळ्या घरात दवाखान्याचा वास भरून राही.

काटा हलला. आठवड्यातून दोनदा मिळणाऱ्या त्या तुकड्यांवर ठकीच्या अंगावर तकतकी आली. ती माझ्या पावलाच्या आवाजाला दाराशी येऊन बसू लागली. माई म्हणायच्या, "पोर कशी वाट बघते तुझी! तुझ्या हाताला गुण आहे रे, दामू." भास्करराव म्हणायचे, "डॉक्टर, आमच्या हिशेबाच्या कचेरीला पण एक इंजेक्शन द्या." मी हसायचो. माझ्या उभ्या डॉक्टरकीत इतकी स्तुती मला कुणी केली नाही, आणि इतकी चोरटीही ती कधी नव्हती.

मग एका जमीनदाराच्या तबेल्यात साथ आली आणि सान्यालांनी मला तिकडे धाडलं. कधी परतेन ते सांगता येत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मी माईंकडे गेलो तो ठरवूनच, की आज सांगायचं. मी नसताना ठकीला कोण घालणार?

माईंनी पुरण घातलं होतं. पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "मी परवा भास्करला म्हटलं, या मुलाची आई भाग्याची. एवढ्या लांब, एकटा, सगळा मुलूख मासे खाणारा, आणि यानं आचार सोडला नाही. तुझ्या पानाशी बसलं ना, की मला आपल्या गावात असल्यासारखं वाटतं."

घास तोंडात होता. तो मी गिळला आणि त्याच्याबरोबर ते वाक्यही. म्हटलं, "थेंब चालू ठेवा. चुकवू नका."

"नाही रे चुकवणार. देवाच्या नैवेद्यासारखे देईन."

*

परतलो तेव्हा हारानने सांगितलं, ते मराठी बाबू पुन्हा पुन्हा येऊन विचारून गेले. मी सामान टाकून तसाच निघालो.

ठकी ताटलीजवळ बसली होती. ताटलीत दूधभात, त्यावर साय धरलेली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. काही मांजरं अशी असतात, की एकदा खाणं सोडलं की सोडलंच. कानाच्या आत पाहिलं तर कातडी पिवळी. हिरड्या पिवळ्या. मी अभ्रा काढला नाही. हातानेच कळत होतं.

आणि माई. गळ्याची हाडं वर आलेली. भास्करराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिनं स्वतःचं दूध सोडलंय. देवापुढे पाणी सोडलं, की ठकी खाईपर्यंत मी दुधाला शिवणार नाही म्हणून. तुम्ही तरी सांगा, तुमचं ऐकते ती."

मी बॅगेतून पान काढलं. वाटेत बाजारातून आणलेली मासळी, मेसच्या ठाकुराकडून घाईने उकडून घेतलेली. व्हरांड्यात ठकीच्या नाकाशी धरली. तिने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी बोटाने तिच्या जिभेवर लावून पाहिलं. ते तिने तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी सान्यालांना घेऊन आलो. म्हातारा माणूस तीन जिने चढला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि बराच वेळ ठकीच्या पोटावरून बोटं फिरवत राहिला. "यकृत मोठं लागतंय," ते मला बंगालीत म्हणाले. "आतच काही असेल. गाठ असेल, क्षय असेल. दुधातूनही येतो. किंवा काहीच नसेल, नुसती उपासमार. काय खाते?"

मी सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमि बोलो नि?" तू सांगितलं नाहीस?

मी बॅगेतून सलाइनची बाटली काढू लागलो. माई आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहत होत्या, जिन्यात पाहत होत्या तशाच. या वेळी त्यांनी मला अर्थ विचारला नाही.

सलाइन कातडीखाली दिलं, ग्लुकोज दिलं. ठकी एका दुपारी माईंच्या मांडीवर गेली. माईंनी तिच्या तोंडात गंगेचं पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "तुझ्या दवाखान्यात जागा आहे म्हणालास ना मागे? तिथे ठेव. मला इथलं काही माहीत नाही."

दवाखान्याच्या मागच्या अंगणात सान्याल उभे होते. त्यांनी विचारलं, "उघडून पाहायचं? कळेल तरी." डॉक्टर म्हणून मी हो म्हणायला हवं होतं. आत गाठ निघाली असती तर मी सुटलो असतो. निघाली नसती तर? मी नको म्हटलं आणि खड्डा खणला. त्यामुळे ठकीला काही रोग होता की नव्हता हे आज मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणं मी स्वतः निवडलेलं आहे.

*

पुढे भास्कररावांची बदली झाली. हावड्याला मी पोचवायला गेलो होतो. माईंनी खिडकीतून माझा हात धरला आणि गाडी सुटेपर्यंत सोडला नाही. नागपूरला कधी ये, म्हणाल्या. मी गेलो नाही. त्या आता नाहीत. माझं लग्न झालं, घरी मराठी बोलणारं माणूस आलं, फोडणीत हिंगही पडू लागला. तरी एखाद्या अनोळखी जिन्यात तो वास आला की अजून पाय थबकतात आणि वाटतं, वर दार उघडं असेल.

त्या माणसांच्या जाण्याआधीची एक दुपार मात्र सांगायची राहिली आहे. ती सांगण्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं.

ठकी गेल्यावर मी काही दिवस तिकडे फिरकलोच नव्हतो. मग माईंनी भास्कररावांकडून निरोप धाडला. गेलो तर त्या खिडकीशी परात घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताटलीची जागा धुऊन पुसून मोकळी.

"ये. बस," त्या म्हणाल्या. "मी विचार करत होते. माझंच काही चुकलं असेल का रे? दूध पातळ असतं इथलं. साय कमी पडली असेल."

मला ते ऐकवेना. मी पाटावर बसलो नाही, जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. दूधभाताचं, बोऊदींचं, केळीच्या पानाचं, मेसमधलं. बोलताना मी परातीकडे पाहत होतो. त्यांची बोटं थांबली नव्हती.

माझं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "जिन्यात ती बाई ते विचारत होती होय?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालास."

"हो."

"मला का नाही विचारलंस?"

"वाटलं, तुमच्या सोवळ्यात..."

"सोवळं माझं होतं रे," माई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "ते मी माझ्यासाठी घेतलेलं. तिला मी कशाला नेसवू? ती मांजर. वाघाच्या जातीचं लेकरू. मला ठाऊक नव्हतं म्हणून दूधभात घातला. आमच्याकडे तोच घालतात. तू सांगितलं असतंस तर व्हरांड्यात वेगळी ताटली ठेवली असती, वर आंघोळ केली असती. पाण्याला काय तोटा आहे इथे?"

त्यांनी परात थोडी उजेडाकडे ओढली.

"आणि तू मासे खातोस म्हणून मी तुला जेवू घातलं नसतं, असं वाटलं तुला?"

"हो."

"एवढीच ओळखलीस मला."

त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. मला उठून जावंसं वाटत होतं आणि त्या घरातून उठायचं मात्र जिवावर आलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "कसा लागतो रे?"

"काय?"

"मासा. तिला आवडायचा म्हणालास ना. डोळे मिटून खायची म्हणालास. कसा लागतो?"

जन्मभर सोवळं पाळलेल्या त्या बाईंना मी सांगत बसलो. मऊ असतो, जिभेवर विरघळतो. थोडा गोडसर. हिल्सा म्हणून इथे एक मिळतो, त्याला आपलंच तेल सुटतं, भात त्या तेलात कालवून खातात. फक्त काटे फार, केसासारखे बारीक. दिव्याशी धरल्याशिवाय दिसत नाहीत. त्या ऐकत होत्या, देवळात कथा ऐकावी तशा. बोटं तांदळातून फिरत होती, आणि आता त्या काही वेचत नव्हत्या, नुसती फिरवत होत्या.

"एवढे काटे असतात?"

"असतात, माई."

"मग मला ते काढून द्यावे लागले असते तिला," त्या म्हणाल्या. "चष्मा लावून बसावं लागलं असतं."